काचपेटीची गाळणी

आमच्या घरी माशांची काचपेटी आली ती नातवाच्या आठव्या वाढदिवसाला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाशी रंगीत खडे, मागे निळ्या समुद्राचे चित्र आणि आत पाच गोल्डफिश. बैठकीच्या खोलीत, जेथे पूर्वी रेडिओ असे त्या कोनाड्याशेजारी, तिची स्थापना झाली. स्थापना हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजीत आहो; कारण पहिले काही दिवस येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास तिच्यासमोर क्षणभर उभे राहून दर्शन घ्यावेच लागे. नातवाने माशांची नावेही ठेवली. इंदूरचे पोर ते, त्याला दुसरे काय सुचणार? केशरी तो जिलबी, पिवळसर तो बुंदी, पांढुरका तो पोहे. उरलेल्या दोघांस शेव आणि मोती ही नावे मिळाली.

दुकानदाराने पेटीबरोबर एक गाळणीही दिली होती. ‘फिल्टर’ हाच शब्द आता सर्वतोमुखी आहे, तथापि आम्ही आपले गाळणीच म्हणू. पेटीच्या कडेवर टांगावयाची, विजेवर चालणारी, आतले पाणी खेचून छोट्या धबधब्यासारखे परत सोडणारी ती गाळणी आम्हांस फार आवडली. किंमत पेटीच्या निम्म्याहून अधिक होती. पण महाग वस्तू ती चांगली, ही आमची जुनी भाबडी समजूत.

दीड महिना सारे सुरळीत चालले. मग एका रविवारी आम्हांस स्वच्छतेची हुक्की आली. गाळणी उघडून पाहतो तो आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत झालेला! हे असले घाणेरडे फडके ज्या पाण्यात रात्रंदिवस भिजते त्यात मुलाचे मासे राहतात, या विचाराने आमचे मन विटले. स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत चोळला. खडे बादलीत घालून तांदूळ धुवावे तसे सात पाण्यांनी धुतले. काचा घासल्या, जुने पाणी सगळे ओतून दिले, नवे भरले. सौभाग्यवतींनी सुद्धा, ज्यांना आमची कोणतीही साफसफाई सहसा पसंत पडत नाही, “आज काच दिसतेय हो,” अशी पावती दिली.

बुधवारी पाणी ताकासारखे गढूळ झाले. गुरुवारी पाचही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले. शुक्रवारी सकाळी जिलबी, शेव आणि मोती पाण्यावर आडवे तरंगत होते. शाळेच्या गणवेशात उभ्या असलेल्या नातवाने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि आमच्याकडे वळून विचारले, “आबा, तुम्ही सगळं स्वच्छ केलंत ना? मग ते मेले कसे?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नाही हे आठ वर्षांच्या मुलाला सांगणे सोपे नसते, हे ज्यांना नातवंडे आहेत ते जाणतील.

आमच्या गल्लीच्या टोकाला प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्या पडवीत तीन काचपेट्या आहेत, हे आम्हांस वर्षानुवर्षे ठाऊक होते; त्यांत डोकावण्याची बुद्धी मात्र त्या दिवशी झाली. आमची हकीकत ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आबासाहेब, स्पंज कशाने धुतलात?”

“नळाच्या पाण्याने. नर्मदेच्या!” आम्ही किंचित अभिमानानेच सांगितले. १९७८ साली जलूदहून नर्मदेचे पाणी इंदुरात आले, तेव्हापासून येथील जुन्या माणसांच्या तोंडी या पाण्याचा उल्लेख असाच येतो.

“तेच तर झालं,” प्राध्यापक म्हणाले. “त्या पाण्यात क्लोरीन असतं. तुमच्या-आमच्या पोटातल्या रोगजंतूंना मारण्यासाठी घातलेलं. स्पंजावरची ती बुळबुळ म्हणजे जिवंत जिवाणू होते. दीड महिन्यात जमलेली वस्ती तुम्ही एका सकाळी उठवलीत.”

पुढे त्यांनी जे सांगितले ते आम्ही आमच्या भाषेत मांडतो, कारण गाळणी निवडण्याचा सारा विचार यावरच उभा आहे. माशाच्या शरीरातून, मुख्यत्वे कल्ल्यांवाटे, सतत अमोनिया बाहेर पडत असतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजली की त्यांतूनही तोच निघतो. नदीत किंवा तळ्यात तो अपार पाण्यात विरून जातो. आमच्या पेटीत पाणी किती? लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरांत मोजून गुणाकार करावा आणि हजाराने भागावे. आमचे उत्तर आले सुमारे ५५ लिटर. एवढ्याशा पाण्यात साठलेला अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. तो दिसत नाही, गाळून निघत नाही. पाणी आरशासारखे नितळ असतानाही ते विषारी असू शकते. स्पंजावर, खड्यांवर, काचेवर वस्तीला आलेले काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही घातकच, ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हरण करते. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. हे त्या मानाने पुष्कळच सौम्य असून आठवड्याला थोडे पाणी बदलले आणि पेटीत वनस्पती असल्या म्हणजे आटोक्यात राहते.

जमिनीत हे कार्य जिवाणू करतात हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. मात्र गोड्या पाण्याच्या काचपेटीत नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू पुस्तकांत छापलेल्या जातीचे नसून निराळ्याच, नायट्रोस्पायरा नावाच्या कुळातले असतात, हे अमेरिकी संशोधकांच्या लक्षात यावयास १९९८ साल उजाडले. म्हणजे शंभर वर्षे लोक मासे पाळीत होते आणि घरातल्या खऱ्या कामकऱ्याचे नावही चुकीचे घेत होते!

प्राध्यापकांना इतिहासाची आवड. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचा १८५० सालचा प्रयोग त्यांनी आम्हांस सविस्तर ऐकवला. त्याने काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या व पाणी वरचेवर न बदलता ते जगवून दाखविले. त्याच्यापाशी ना वीज होती ना गाळणी. “दोनच मासे होते, हे विसरू नका,” असे प्राध्यापकांनी बजावले. आम्ही पाच ठेवले होते, हे त्यांनी बोलून दाखविले नाही. आम्हांस ते ऐकू आले.

तर गाळणीची कामे तीन. तरंगणारा गाळ अडविणे हे पहिले, आणि दुकानात आपण तेवढेच पाहतो. जिवाणूंना राहावयास जागा देणे व त्यांच्यावरून प्राणवायूयुक्त पाणी सतत वाहते ठेवणे हे दुसरे. मासे जगतात ते यावर. तिसरे काम कोळशाचे, म्हणजे पाण्यातील रंग, वास, औषध शोषून घेण्याचे. कोळसा काही आठवड्यांत निकामी होतो आणि रोजच्या व्यवहारात त्याची गरज नसते. माशांना औषध दिल्यानंतर ते काढून टाकावयाचे असेल तेव्हा उपयोगी. दुकानदार दर महिन्याला कोळशाची नवी वडी गळ्यात मारू लागला तर नम्रपणे नाही म्हणावे. वडीबरोबर तिच्यावर वसलेले जिवाणूही आपण फेकून देतो, ते निराळेच.

आता प्रकार. आमच्या पिढीतील ज्यांनी पूर्वी हा छंद केला असेल, त्यांना खड्यांखाली बसवावयाची जाळीदार पत्र्यासारखी प्लास्टिकची गाळणी आठवेल. हवेच्या पंपाने पाणी खड्यांमधून खाली ओढले जाते आणि नळीवाटे वर येते; खड्यांचा थरच जिवाणूंचे घर होतो. स्वस्त, साधी आणि एके काळी सर्वत्र दिसणारी. दोष असा की गाळ जाळीखाली साचत राहतो, आणि तो काढावयाचा म्हणजे सारी पेटी उपसावी लागते. त्यातून गोल्डफिशला खडे उकरण्याची खोड. तो उकरतो तेथून पाणी मोकळे वाहते आणि बाकीचा थर उपाशी राहतो. आज कोणी नव्याने पेटी मांडीत असेल तर त्याने ही घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

कडेवर टांगावयाची गाळणी वाईट नव्हे. आमचे मासे तिने मारले नाहीत, आम्ही मारले. ती उघडण्यास सोपी, गाळ चांगला अडविते, पाणी पडताना हवाही मिसळते. घेताना दोन गोष्टी पाहाव्या. ताशी पेटीतील पाण्याच्या चौपट ते पाचपट पाणी तिच्यातून फिरावे. ५५ लिटरांस साधारण २२० ते २७५ लिटर. डब्यावर छापलेला आकडा बहुधा रिकाम्या गाळणीचा असतो. आत स्पंज भरला आणि तो मळला की प्रवाह पुष्कळ मंदावतो, म्हणून आकडा थोडा वरचढच घ्यावा. दुसरे म्हणजे तिच्या शोषणनळीच्या तोंडाशी स्पंजाची टोपी बसवावी; नाहीतर गप्पीची पिल्ले आत ओढली जातात. आणि फायटर मासा पाळावयाचा असेल तर असला जोरदार धबधबा नकोच. ते भातखाचरांच्या संथ पाण्यातले जनावर. लांब कल्लेदार पंख घेऊन प्रवाहाशी झुंजता झुंजता ते थकून जाते.

पेटीखालच्या कपाटात ठेवावयाची बंद डबेवजा गाळणी, जिला कॅनिस्टर म्हणतात, ती चार फुटी पेटी असणाऱ्या हौशी लोकांसाठी. काम उत्तम करते, आवाजही कमी. पण तिचा एक दोष आमच्याकडे फार महत्त्वाचा आहे. वीज गेली की बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, आतले जिवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर तेच कुजके पाणी माशांच्या अंगावर येते. इंदुरात वीज पूर्वीइतकी जात नाही हे खरे. पण मे-जूनच्या वावटळीत एखादे झाड तारांवर पडले की रात्र काढावी लागते, आणि देवास-महूकडच्या खेड्यांत राहणाऱ्या वाचकांना तर आम्ही काय सांगावे! वीज पुष्कळ वेळ गेली असेल तर कॅनिस्टर उघडून, आतले पाणी ओतून, मगच पुन्हा सुरू करावा. यापुढची पायरी म्हणजे पेटीखाली दुसरी पेटी बांधून तीत सारी व्यवस्था करणे. ती ज्यांना परवडते त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही.

उरला साधा स्पंज. प्राध्यापकांच्या तिन्ही पेट्यांत तोच होता, आणि आम्ही प्रथम तो पाहून निराश झालो. पोकळ नळीभोवती जाड स्पंजाचा दंडगोल, आणि हवेच्या पंपातून आलेली बारीक नळी. बुडबुडे नळीतून वर चढताना पाणी बरोबर नेतात, त्यामुळे स्पंजाच्या सर्व बाजूंनी पाणी संथपणे आत ओढले जाते. बस, एवढेच यंत्र. बिघडावयाला आत काहीच नाही. किंमत टांगत्या गाळणीच्या पासंगाला पुरणार नाही. पंप पाच वॉटचा धरला तर महिनाभर अहोरात्र चालून साडेतीन युनिटांच्या आसपास वीज. बॅटरीवर चालणारा छोटा पंपही मिळतो. वीज गेली की नळी त्याला जोडावी, मासे आणि जिवाणू दोघेही सुरक्षित. पिल्ले त्यात ओढली जात नाहीत, फायटर थकत नाही. दोष विचाराल तर दिसावयास ओबडधोबड, पंपाची घरघर रात्री ऐकू येते, आणि पाण्यातील बारीक गाळ टांगत्या गाळणीइतका झटपट उचलला जात नाही. माशांची संख्या बेताची असेल तर हा शेवटचा दोष जाणवत नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. पंप पाण्याच्या पातळीहून वर टांगावा, किंवा नळीत पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवावी. पंप खाली जमिनीवर असला आणि वीज गेली, तर पेटीतले पाणी नळीवाटे उलटे वाहून पंपात आणि तेथून विजेच्या बोर्डावर उतरू शकते. ही झडप फार थोड्या पैशांत मिळते. घरात लहान मुले असता ती टाळणे हा कंजूषपणा अक्षम्य होय.

पाण्याचाही विचार करावा लागतो. आमच्या माळव्याच्या काळ्या दगडातून येणारे विहिरी-बोअरिंगचे पाणी बहुधा जड आणि क्षारधर्मी असते. त्यात क्लोरीन नसते एवढीच सोय. पण अमोनिया अशा पाण्यात अधिक मारक ठरतो. २५ अंश उष्णतेला, पाण्याचा पीएच ७ असता एकूण अमोनियापैकी शंभरात अर्ध्या-पाऊण भागाइतकाच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच भागांवर जातो. उन्हाळ्यात दुसरी अडचण. २० अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे ज्या ऋतूत मासे अधिक खातात, अधिक घाण करतात, त्याच ऋतूत माशांना आणि जिवाणूंना श्वास अपुरा. आमच्याकडे मे महिन्यात पाहुणे आणि पाणी यांचा जो मेळ असतो तसाच हा प्रकार.

हे सर्व ऐकून आम्ही विचारले, “मग सर्वांत मोठी गाळणी घेतली तर पाच मासे राहतील?” प्राध्यापक हसले. गोल्डफिश हातभर पेटीत विकला जातो म्हणून तो तेवढाच राहतो असे नव्हे. नीट वाढला तर वीतभर होतो आणि त्या मानाने घाण करतो. तुमच्या पेटीला दोनसुद्धा पुढे जड होतील, असे त्यांनी स्पष्टच सांगितले. निघताना आपल्या पेटीतला एक मळका स्पंज त्यांनी पिशवीत पाण्यासह घालून आमच्या हाती दिला, विरजण द्यावे तसा. “हा धुऊ नका,” एवढेच म्हणाले.

त्यानंतरचा महिना आमच्या घरात परीक्षेचा गेला. बुंदी आणि पोहे दोघेच उरले होते. रोज थोडे पाणी काढावयाचे आणि आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेले पाणी घालावयाचे; घाई असली तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला दुकानात हायपो म्हणतात, त्याचे थोडे द्रावण घालून क्लोरीन मारावयाचा. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दूध नासविणारे साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना बहुधा उभा दिवस लागतो. नवी पेटी अगदी कोरी मांडली तर वस्ती जमावयास चार ते सहा आठवडे जातात. विरजणामुळे आमचे काम लवकर झाले. पाणी तपासण्याचे थेंब आणले. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की अमोनिया असल्यास हिरवा रंग येतो, नसल्यास पिवळा. नातू दररोज संध्याकाळी तो रंग पाही आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर हिरवी किंवा पिवळी टिकली काढी. सौभाग्यवतींच्या एकादश्या, दूधवाल्याचे हिशेब आणि या टिकल्या, सारे एकाच पानावर. पहिले नऊ दिवस हिरवे होते. दहाव्या दिवशी तो स्वयंपाकघरात धावत गेला आणि आजीला ओढून घेऊन आला. आम्हांस त्याने बोलावले नाही. पंधराव्या दिवशी मात्र बोलावले.

गाळणीचे म्हणाल तर आता आमच्या पेटीत दोन स्पंज आहेत. एका पंधरवड्यास एक धुवावयाचा, पुढच्या पंधरवड्यास दुसरा. दोन्ही एकाच वेळी कधीही नाही. टांगती गाळणी माळ्यावर आहे. तीन फुटी पेटीसाठी पैसे साठविणे चालू आहे. नातवाने दिवाळीचे आणि राखीचे पैसे त्यात घातले आहेत. ती येईपर्यंत नवा मासा आणावयाचा नाही, हा त्याचाच हट्ट. दुकानासमोरून जाताना आम्हीच एकदा थबकलो, तेव्हा त्याने आमचा हात धरून पुढे नेले.

धुण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले आहे. रविवारी सकाळी पेटीतले एक लहान बादलीभर पाणी तो नळीने काढतो, स्पंज त्यात तीनदा पिळतो, चौथ्यांदा नाही, आणि परत बसवितो. स्पंज तपकिरीच राहतो. आम्ही तेथे उभे असलो तर तो नळाची तोटी आधी घट्ट बंद आहे ना हे पाहून घेतो. बादलीतले काळपट पाणी सौभाग्यवती अंगणातल्या कढीलिंबाला घालतात, आणि या वर्षी त्याला इतकी पालवी आली आहे की शेजारणी मागून नेतात.